मागून बांधायचा झगा

तिला सगळे टाचणीबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. कपड्यांच्या मोठ्या दुकानात मागच्या बाजूला कपडे घालून बघायच्या तीन खोल्या होत्या. त्यांच्यासमोर एक लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर गिऱ्हाईक उभं आणि खाली गुडघ्यांवर ही. पँट किती दुमडायची, कंबर कुठे दाबायची, घेर किती उचलायचा, हे सगळं तिच्या टाचण्या सांगायच्या. गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायची. नवरा-बायको तर तिच्या डोक्यावरून भांडायचीसुद्धा, आणि ही खाली बसून निमूटपणे दोघांचे घोटे बघायची. निम्म्या गावाला ती घोट्यांवरून ओळखायची. रस्त्यात समोरून कुणी हसलं तर आधी खाली बघायची आणि मग म्हणायची, "हां हां, तुम्ही होय!"

तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सव्वीस वर्षं अशी काढली की टाचण्या डबीत ठेवल्यावरही बोलणं परत येत नाही, हे मात्र तिचं तिलाही कळलं नव्हतं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एखादी गोष्ट हवी असली तर मागायची नाही, नुसत्या घिरट्या घालायच्या. तिची ताई म्हणायची, "आमची ही म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारी. आणि ताक नाही मिळालं म्हणून रुसायचीही नाही. रुसली असती तर कळलं तरी असतं!"

ताईचं घर गाडीने दोन तासांवर. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं, शिवाय येणारे-जाणारे. टाचणीबाई राहायची तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकटी. लग्न राहून गेलं. वडील शिंपी होते, ते लवकर गेले. मग आईने अंथरूण धरलं आणि नऊ वर्षं धरून ठेवलं. त्या नऊ वर्षांत आईला उठवणं, बसवणं, हात उचलून बाहीत घालणं, बटणं लावणं, सगळं हिनेच केलं. आई तोंडाची फटकळ. "हळू गं, माझा हात आहे, उशीचा अभ्रा नाही!" असं ओरडायची. आईला शेवटचे कपडेही हिनेच घातले, तेव्हा कुणी ओरडलं नाही. त्याला चार वर्षं झाली होती.

आता झग्याचं.

गावच्या संग्रहालयात एक जुनं चित्र होतं. साडेचारशे वर्षांपूर्वीची, एलिझाबेथ राणीच्या काळातली कुणी श्रीमंत बाई, तोंड असं की जेवणात मीठ नाही म्हणून नुकतीच स्वयंपाक्यावर खेकसून आली आहे. पण अंगावरचा झगा! गर्द हिरवा रेशमी, कमरेशी चिमटलेला, खाली दारात मावणार नाही एवढा फुललेला, आणि गळ्याभोवती चुण्यांची पांढरी चकती, ताटाएवढी. संग्रहालयाला त्या चित्राशेजारी काचेच्या कपाटात तसाच झगा उभा करायचा होता. अट एकच, मशिनची एक टीपही चालणार नाही. त्या काळी जसा शिवला असता तसाच, सगळा हाताने.

संग्रहालयातल्या बाई चौकशी करत दुकानात आल्या. मालक हसले. "हाताने? अहो, आजकाल बटण तुटलं तर लोक शर्ट टाकून देतात." मग त्यांनी खाली बोट दाखवलं. "ती बघा, तिथे बसलीय ती. तिला येईल."

टाचणीबाईने टाचण्या काढल्या, चित्राचा फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. "बाह्या वेगळ्या आहेत," ती म्हणाली. "खांद्याशी फितींनी बांधल्यात."

"पहिल्या नजरेत दिसलं तुम्हाला?" त्या बाई चकित झाल्या. "आमच्याकडे येणाऱ्यांना दहा वर्षांत नाही दिसलं."

या बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि त्यांच्या पर्समध्ये कायम पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड. टाचणीबाईने मनातल्या मनात त्यांचं नाव हातमोजेबाई ठेवलं. तोंडावर अर्थातच मॅडम. मॅडमनी मापांचा कागद दिला आणि म्हणाल्या, "झगा घालायची डमी बाहेरून मागवलीय. मापं ही अशी. साधारण तुमच्याच अंगाची समजा ना."

कामाला लागली की बाई वेगळीच व्हायची. सकाळी सहा ते नऊ, आणि रविवारचा अख्खा दिवस. खिडकीशी टेबल ओढलं, आईची खाट भिंतीला उभी केली, मधे जमिनीवर चादर. आधी आतला पिंजरा केला. वेताच्या कड्या भिजवून वाकवायच्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि कापडात ओवायच्या, म्हणजे झग्याचा घेर खाली पडत नाही. तो पिंजरा उभा राहिला आणि खोलीत चालायला जागाच उरली नाही. दोन महिने ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून तिरकी जायची. मग कमरेवरचा भाग. आत वेताच्या काड्या, वर जाड अस्तर, वर रेशीम. मग गळ्याची ती चकती. सात हात कापड, त्याच्या बोटाएवढ्या चुण्या, प्रत्येक चुणी आठच्या आकड्यासारखी वळवून टाक्यात धरलेली. "या बाया जेवायच्या कशा गं?" ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. आपण बोललो हे लक्षात आल्यावर तिने रेडिओ लावला.

टाका वडिलांनी शिकवलेला. मशिन घरात होतं, तरी दोन्ही पोरींना त्यांनी आधी वर्षभर हाताने शिवायला लावलं होतं. ताई कंटाळायची, हिचा टाका मात्र असा बारीक की वडील चष्मा कपाळावर चढवून कापड डोळ्यांशी न्यायचे आणि म्हणायचे, "आहे की नाही आहे?" एवढीच शाबासकी. तीही शेवटची कुणी दिली होती, तर त्यांनीच.

पाचव्या महिन्यात मॅडम काम बघायला घरी आल्या. कमरेवरचा भाग पुरा झाला होता. त्यावर चित्रातल्यासारखी वेल भरली होती. कमरेच्या टोकापासून निघालेला देठ थेट गळ्यापर्यंत चढलेला आणि दोन्हीकडे पानं. मॅडमनी हातमोजे घातले. चकती उचलून बघितली, बाह्या उलट्या करून आतले टाके बघितले. "बाई, हे काय आहे हो! हे मशिनला जमणार नाही!" असं दोनदा म्हणाल्या. टाचणीबाईला इतकं बरं वाटलं की ती चहाला आधण ठेवून साखर घालायचीच विसरली.

चहाचा कप हातात धरूनच मॅडम थांबल्या. "हे... पुढून उघडतं?"

"हो ना." टाचणीबाईने वेलीच्या देठाशी एक लपवलेली पट्टी उचलून दाखवली. आत दोरी ओवायची बारीक भोकं, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा, प्रत्येकाभोवती काजाचा टाका. "बाहेरून कळत नाही बघा. देठ मधोमध जुळतो."

मॅडमनी चित्राचा मोठा फोटो काढून टेबलावर पसरला. मग त्यावर बोट ठेवलं. चित्रातल्या देठावर एक पान आडवं गेलेलं होतं, उजवीकडून डावीकडे, अखंड. त्याच्या खाली आणखी एक. पुढा एकाच कापडाचा होता. तो कुठेही उघडत नव्हता.

 पाच महिने टाचणीबाई या फोटोत नाक खुपसून बसली होती. चकतीच्या चुण्या तिने मोजल्या होत्या, बाहीवरचे मणी मोजले होते, पानाच्या शिरा मोजल्या होत्या. आणि बेतताना पुढ्याच्या मधोमध कात्री चालवली होती, क्षणभरसुद्धा विचार न करता. ती दोन पानंसुद्धा तिने देठापाशी दुभागून, नीट वळवून भरली होती. शिकाऊ पोर चुकणार नाही अशी चूक.

"मग..." ती म्हणाली, "मग ती घालणार कसा? एकटी?"

"ती एकटी नव्हती," मॅडम म्हणाल्या. "मागून बांधायचा असतो हा. दोन दासी लागायच्या. एक धरायला, एक ओढायला. वर बाह्या बांधायच्या, चकतीला टाचण्या लावायच्या. तासभर तरी जायचा. अशा बाया स्वतःचे कपडे स्वतः घालतच नसत."

मॅडम भल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुदत वाढवून देते म्हणाल्या, रेशीम उरलंय का विचारलं आणि गेल्या. टाचणीबाई रिकामे कप हातात घेऊन उभी राहिली. मग तिने कप ठेवले आणि कपाट उघडलं.

कपाटात तिचे कपडे होते. सगळे पुढून उघडणारे. शोधून शोधून तिने एक जुना हिरवट ब्लाउज काढला, त्याची चेन मूळची पाठीला होती. ती काढून तिने पुढे बटणं लावली होती. केव्हा? आई आजारी पडली त्या वर्षी बहुतेक. त्याच्या खालचा निळा, त्याचीही पाठ शिवून टाकलेली. एकेक कपडा ती काढत गेली आणि प्रत्येकावर तिचाच बारीक टाका सापडत गेला. पाठीमागचं जे जे होतं ते ते तिने वर्षानुवर्षं बसून पुढे आणलं होतं, आपला हात पोचेल तिथे. सवयीने केलं होतं. वाईट वाटायलाही वेळ घेतला नव्हता. ते आता एकदम वाटलं, आणि चांगलंच वाटलं. ती पलंगावर त्या कपड्यांच्या ढिगात बसली आणि रडली. खोटं कशाला सांगा, नाक पुसायला हाताला आला तो निळा ब्लाउजच वापरला.

दुसऱ्या दिवसापासून पुढा उसवायला घेतला. रेशीम उरलं होतं ते जेमतेम, हातभर. त्यातून नवा पुढा बेतायचा म्हणजे चुकायला जागा नाही. तिने कागदावर सहा वेळा बेतला, मग कापडावर. वेल पुन्हा भरली, आडव्या पानांसकट. सात आठवडे गेले. जुना पुढा तिने उशाखाली घडी करून ठेवला, टाकवेना. पाठ मधोमध उघडून तिला नवी भोकं पाडली. या वेळी काज करताना तिला सारखं एकच दिसायचं. आपण उभ्या आहोत, मागे कुणीतरी आहे, आणि दोरी एकेका भोकातून ओढली जातेय.

तिला तो झगा घालायचा होता. एकदा. मिरवायला नको, फोटो नको, कुणी वाहवा करायला नको. नऊ वर्षं आईला कपडे घातले, सव्वीस वर्षं परक्यांचे टाचले. एकदा कुणीतरी आपल्याला कपडे घालून द्यावेत, आपण नुसतं उभं राहावं, एवढंच. डॉक्टर नळी लावतो ते सोडलं तर तिच्या पाठीला कुणाचा हात लागून किती काळ गेला, हे तिला आठवत नव्हतं. गुरुवारी सकाळी शेवटचा टाका पडला. सोमवारी दहाला संग्रहालयाची गाडी येणार होती. नंतर काचेचं कपाट, आणि कपाटाला कुलूप.

मधे होते तीन दिवस, आणि हवं होतं एक माणूस.

शुक्रवारी पहाटे तिने आधी एकटीनेच करून बघितलं. मागू नये म्हणून माणूस काय काय करेल! दोरी लांब घेतली, भोकांतून सैल ओवून ठेवली, झगा डोक्यावरून चढवला, दोरीची टोकं खिडकीच्या कडीला बांधली आणि पुढे चालायला लागली, म्हणजे दोरी आपोआप आवळेल असा हिशेब. वरची तीन भोकं आवळली, खालचा सगळा भाग तसाच सताड. ती वळली तर दोरी पिंजऱ्यात अडकली, पिंजरा टेबलात अडकला आणि टेबलावरचा रेडिओ खाली आला. अर्धा तास ती तिथे खिडकीला बांधलेल्या गाईसारखी उभी होती. शेवटी मान वाकडी करून दातांनी गाठ सोडवली. झग्याला काही झालं नाही, हे बघून मगच तिला हसू आलं.

मग तिने ताईला फोन लावला.

"बोल गं!" मागे पोरांचा कालवा, भांड्यांचा आवाज. "बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?"

"बरी आहे. ताई, रविवारी येतेस का जरा?"

"का गं? काय झालं?"

आता इथे सांगायचं की नाही! एका वाक्याचं काम. पण मागे सून काहीतरी विचारत होती, नातू भोकाड पसरून रडत होता, आणि टाचणीबाईच्या ओठांवर जणू टाचण्या येऊन बसल्या. चोपन्न वर्षांच्या बाईने म्हणायचं काय, मला कपडे घालून दे?

"काही नाही, थोडं काम होतं. शिवणाचं."

"शिवणाचं आणि माझ्याकडे? सूर्य कुठे उगवला? येते, येते. दुपारी जेवून निघते."

रविवारी तिने दोनदा केर काढला. झगा पलंगावर पसरला. बाह्या डावीकडे, चकती उजवीकडे, टाचण्यांची डबी, दोरी. आंघोळीनंतर आतला पांढरा लांब अंगरखा घालून बसली, वर शाल घेतली. दोन वाजले. तीन वाजले. जिन्यात पावलं वाजली की उठायची, पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबायची. चार वाजता फोन आला.

"अगं, निघतच होते, तर ह्यांची बहीण आली की गं, न सांगता, सगळं बिऱ्हाड घेऊन. आता कशी उठू सांग. तुझं काही अडलं नाही ना?"

"छे छे."

"नक्की? तुझं ‘छे छे’ मला माहीत आहे हं. अडलं असेल तर सांग, मी ह्यांना सांगून टॅक्सी करून येते."

ताई खरंच आली असती. मनात काळं नव्हतं तिच्या. टाचणीबाईने पलंगाकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही गं. पाहुणे बघ तू."

फोन ठेवल्यावर ती स्वतःवर इतकी चिडली की तिने शालीचा बोळा करून भिंतीवर फेकला. मग तीच उचलून पुन्हा खांद्यावर घेतली आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली. समोर एक काकू राहायच्या. नवरा दिवसभर मोठ्या आवाजात बातम्या लावायचा, काकू दिवसभर त्याच्यावर ओरडायच्या, म्हणजे घर जिवंत होतं. अकरा वर्षांचा शेजार. बोलणं काय, तर पाणी आलं का, पाणी गेलं का.

"या ना!" काकूंनी दार उघडलं. हाताला पीठ. "काय हवं होतं?"

टाचणीबाईने तोंड उघडलं. "काकू, ते... जरा..." आतून बातम्यांमध्ये कुणीतरी कुणावर तुटून पडत होतं. "कात्री आहे का हो?"

घरात तिच्या सात कात्र्या होत्या. कापडाची, कागदाची, धाग्याची, वडिलांची लोखंडी, आणखी तीन. काकूंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, पण शेजारधर्म म्हणून स्वयंपाकघरातून पिशव्या कापायची एक लाल मुठीची कात्री आणून दिली. "परत द्यायची घाई नाही बरं का," त्या म्हणाल्या. टाचणीबाई ती कात्री घेऊन घरी आली आणि टेबलाशी नुसती बसली. मग अंगरखा उतरवून, घडी घालून, झग्याबरोबर खोक्यात ठेवून दिला.

सोमवारी गाडी वेळेवर आली. दोन हमालांनी खोकी नेली. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही चला. डमीवर चढवायला तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" टाचणीबाईने दुकानातून सुट्टी घेतलीच होती. मागच्या सीटवर पिंजऱ्याशेजारी अंग चोरून ती संग्रहालयात पोचली.

दालनात अजून कुणी नव्हतं, दारावर ‘बंद’ची पाटी होती. मधे डमी उभी होती, बिनडोक्याची, बिनहातांची, फिकट कापड ताणून बसवलेली. बाजूच्या टेबलावर एक कागद. मॅडमनी पेन पुढे केलं. "हा झगा आम्ही ताब्यात घेतला, एवढंच लिहिलंय. सही करण्याआधी एकदा बघा. काही राहिलंय का? काही सांगायचं, दुरुस्त करायचं? निवांत सांगा, घाई नाही."

एवढं कुणी विचारत नाही. तिला विचारलं. आणि ती म्हणाली, "नाही हो, काही नाही," आणि सही केली.

मॅडमनी कागदावर आकडा टाकला, शिक्का मारला. तोच आकडा एका बारीक पट्टीवर लिहून झग्याच्या अस्तराला दोऱ्याने अडकवला. मग त्यांनी पर्समधून हातमोजे काढून स्वतः घातले आणि दुसरा एक नवा जोड टाचणीबाईपुढे धरला. "घाला. आता हात लावायचा तर हे लागतील."

"मी?"

"नियम आहे. आता तो संग्रहालयाचा झाला."

टाचणीबाईने हातमोजे घातले. बोटांना रेशीम कळेना. सात महिने जे कापड तिने रोज हाताळलं ते पांढऱ्या सुतातून परक्यासारखं लागलं, आणि तिचा धीर सुटला. "मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज स्वतःलाच मोठा वाटला, "मला हा एकदा घालायचा होता."

मॅडम थांबल्या.

"मिरवायला नाही. कुणीतरी मागून बांधायचा, एवढंच. मला एकटीला येत नव्हता. ताईला बोलावलं होतं, ती आली नाही. मी तिला सांगितलंच नाही कशाला ते. कुणालाच सांगितलं नाही."

"अहो बाई..." मॅडमनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं, मग शिक्क्याकडे. "अहो, मग मला का नाही विचारलंत? चार वेळा आले मी तुमच्याकडे. काल विचारलं असतंत तर मीच आले असते बांधायला. रविवारी मी दिवसभर घरात एकटीच असते. काल तर कंटाळून दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपले होते."  मग हळू म्हणाल्या, "आता मला नाही देता येणार. आता मलाही हातमोज्याशिवाय शिवता येत नाही त्याला."

"नाही, नाही, मी मागत नाहीये," टाचणीबाई घाईने म्हणाली. "सांगितलं फक्त."

  डोळे पुसायला तिने हात वर नेला तर हाताला तो पांढरा मोजा, पुसताही येईना. मॅडमनी स्वतःचा रुमाल काढून तिचे डोळे टिपले, आधी एक, मग दुसरा. 

मग त्यांनी डमीला कपडे घालायला घेतले. आधी पांढरा अंगरखा, मग पिंजरा, मग घेर. कमरेवरचा भाग चढवताना मॅडम पुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळव्यांनी पुढा धरून ठेवला, वेल सरकू नये म्हणून. टाचणीबाई मागे गेली. खालून वर, एकेका भोकातून तिने दोरी ओवली, ओढली, पुन्हा ओवली. कुठे सुरकुती पडली नाही. पाठ अशी बसली की जणू त्याच अंगावर बेतली होती. वरच्या भोकाशी पोचल्यावर तिने गाठ मारली आणि गाठीवर तळवा ठेवून जराशी पुढे वाकली.

"घट्ट होत नाही ना गं?" तिने विचारलं.

विचारून झाल्यावर तिला कळलं की आपण बिनडोक्याच्या डमीला विचारलं. ती तशीच उभी राहिली, मान खाली घालून. पुढच्या बाजूला मॅडम दिसत नव्हत्या, दिसत होती ती फक्त पुढ्यावर धरलेली त्यांची पांढरी बोटं. ती हलली नाहीत.

"कमरेशी होतंय थोडं," मॅडम पलीकडून म्हणाल्या. "सैल करा."

टाचणीबाईने गाठ सोडली, कमरेशी बोटभर दोरी मोकळी केली आणि पुन्हा वरपर्यंत बांधत आली.